आतोबांनी कापलेली माणसं

आळेफाट्यापासून मंचरपर्यंत चौकाचौकांत जेवढी माणसं फ्लेक्सवर हात जोडून उभी आहेत, त्यांतली निम्मी माझ्या आतोबांनी कापलेली आहेत. कापलेली म्हणजे फोटोतून. आत्याचे हे यजमान फाट्यावर फोटो आणि फ्लेक्सचं दुकान चालवतात. मागची भिंत, शेजारचा पाहुणा, खांद्यावरचा परका हात काढून माणूस तेवढा मोकळा करायचा, हा त्यांचा धंदा आणि वेडही. एसटीत बसले तरी समोरच्याच्या कानाभोवती हवेत बोट फिरवतात. एका लग्नात नवरीकडे टक लावून "हिच्या बटा लई छळणार," असं मोठ्यानं म्हणाले, तेव्हा नवरीच्या आईची समजूत काढता काढता आत्याचा घसा बसला. चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधायला सगळं दुकान कामाला.

वर्षानुवर्षं हे काम ते माऊसनं एकेक केस पकडून करत. मग कॉम्प्युटरवर ते बटण आलं, जे दाबलं की फोटोतला मुख्य माणूस आपोआप सुटून येतो. आतोबा त्याच्या प्रेमातच पडले. गिऱ्हाईक असो नसो, दिवसभर दाबत बसायचे. आत्या, कोथिंबिरीची जुडी, दारातलं कुत्रं, सगळी सोडवून झाली. माझ्या लग्नाच्या फोटोवर दाबलं तर मी गेलो आणि मांडवाचा खांब राहिला. "तुझ्यापरीस सरळ उभाय त्यो," एवढंच म्हणाले. पिंपरी पेंढारच्या, शर्यतीत बैलगाडा पळवणाऱ्या एका गाडामालकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बटणानं बैल ठेवला आणि मालक काढून टाकला. आतोबांनी न बघता छापलं. वर बैल, खाली मालकाचं नाव आणि हार्दिक शुभेच्छा. हा आता भांडणार म्हणून आम्ही दार लोटायच्या बेतात होतो, तर तो फ्लेक्सपुढे उभा राहून म्हणाला, "वशिंड काय झ्याक आलंय राव! आसंच ऱ्हाऊ द्या." त्यानंतर आतोबा कोणाला आवरेनात.

मग एका दुपारी मढहून एक बाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नवऱ्याची दशक्रिया होती, आणि घरात त्यांचा एकच फोटो होता, गोठ्याच्या अंधाऱ्या दारात उभे असतानाचा. आतोबांनी बटण दाबलं. माणूस स्वच्छ सुटला, मागं निळं आभाळ आलं. बाईंनी छापलेला फोटो हातात घेतला, जरा लांब धरला आणि खाली ठेवला.

"ह्ये आमचं मालक न्हाईत."

"अवो, त्यांचाच फोटो हाय."

"मग घोंगडी कुठंय? खांद्याव घोंगडी न्हाई आसं मी त्यांना कदी बघितलंच न्हाई. उद्या समद्यांनी ह्ये बघायचं व्हय?"

काळी घोंगडी काळ्या दारात मिसळली होती. बटणानं ती अंधारासकट टाकून दिली होती. बाई रडल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहिल्या. मला त्या निळ्या आभाळाची लाज वाटली.

आतोबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, न शोधता, आणि माऊस हातात घेतला. घोंगडीची एकेक दशी वेचता वेचता दुपार सरली. मध्येच त्यांनी विचारलं, "हितं भोक व्हतं का?"

"व्हतं," बाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

मढची एसटी लागली तेव्हा फोटो फ्रेममध्ये होता. बाईंनी काचेवर, खांद्यापाशी, पदर फिरवला आणि निघाल्या.

त्या गेल्यावर आतोबांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "माजा करशील तवा बटन नको दाबू," माझ्याकडे न बघता म्हणाले. "चष्मा खाईल त्ये."

"काहीतरीच काय बोलता," म्हणून मी हसलो. पण हल्ली रविवारी दुकानात जाऊन त्यांच्याच फोटोवर माऊस चालवायला शिकतो आहे. आतोबा चांगले ठणठणीत आहेत, शेजारी बसून माझ्या चुका काढतात. मला अजून त्यांचा एक कानही नीट जमलेला नाही, आणि जमवायची घाईही नाही.