तिसऱ्या गाण्याला थांबलेले हात

माझ्या नातीने इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन गाण्यांचा अल्बम केला. तो लोकांना खरंच आवडतो का, याचा तिला घोर. मला विचारून काय उपयोग? तरुणपणी मी भजनात काही न कळता मान डोलवायचे, तीही ताल चुकवून! पण उत्सुकता मलाही होती. म्हणून बोरी गावात कांदे निवडायला बसलेल्या बायांना आम्ही तो मोबाईलवर ऐकवला.

"लई ग्वाड," सगळ्या म्हणाल्या, पण हात चालूच. नातीचं तोंड उतरलं.

तिसऱ्या गाण्यात व्हायोलिन एकटंच वाजू लागलं आणि सगळे हात थांबले.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"आजी, तुमी गप बसा, ऐकू द्या!" एक बाई म्हणाली.

मी गप्प बसून मान डोलवू लागले.

"आजी, ताल अजून चुकतोय," नात हसत म्हणाली.