ओ आली होती

आमच्या तलावाची पाळ फुटली नव्हती. मी फोडली होती. तीन वर्षं गावानं ही गोष्ट माझ्यासाठी पोटात ठेवली आणि मी ठेवू दिली. आता लिहितो. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटो.

मी गावाचा पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, बांध घातलेल्या शेतांना, कधी आणि कोणत्या बाजूनं सोडायचं ते पाहणारा. माझ्या आधी बाप पाहायचा. काम शिकवताना त्यानं हातात फावडा दिला तो फार नंतर, आधी हाक मारायला शिकवलं. पाणी सोडण्याआधी पाळीवर उभं राहून तीन हाका मारायच्या. शेवटच्या बांधीतून ओ आली की थांबायचं. ओ देणारा आपले बैल, औत, जेवणाचा डबा घेऊन पाळीवर चढेपर्यंत थांबायचं आणि मगच उघडायचं. त्यामुळे ओ दिलेला माणूस आमच्याकडे कधी घाई करत नाही. पाणकर थांबलाय, हे त्याला ठाऊक असतं.

त्या वर्षी तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाळ गावाकडच्या अंगानं गळायला लागली. आधी निवळ पाणी येत होतं, मग गढूळ आलं. गढूळ आलं म्हणजे आतली माती चालली. त्या जागेच्या बरोबर खाली टोली, म्हणजे गावाची सखल वस्ती, आणि टोलीतले सगळे सकाळपासून अंगणवाडीत जमलेले, कारण तिचा ओटा तेवढा उंच. चारी बाजूंनी कमरेइतकं पाणी. लहान पोरांना घेऊन तिथून निघायला वाट नव्हती. उपाय एकच होता. पलीकडच्या टोकाला पाळ फोडायची आणि तलाव शेतांवरून नाल्यात सोडून द्यायचा.

पलीकडच्या टोकाखाली काका होते. माझ्या बापाचे मैतर. शेवटची बांधी त्यांची, तिथंच झोपडी, तिथंच बैलजोडी.

सरपंच माझ्यासोबत होता. ओरडला, "काय पाहून राहिला गा? मार फावडा!"

"काका खाली हायेत."

"हाका मार न मंग, उभा कायले हायेस!"

मी हाका मारल्या. आता खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो, ओ येऊ नये असं मनात धरून मारल्या. ओ आली नसती तर काका घरी गेले असतील असं समजता आलं असतं.

तिसऱ्या हाकेला ओ आली.

"हव गा! बैल सोडतो न येतो!"

जेवायला बोलावल्यावर देतात तसली निवांत ओ. सरपंचानंही ऐकली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्याच्याकडे नाही. मी फावडा मारला.

'बैल राहू द्या, पळा' एवढं ओरडायला किती वेळ लागतो? ओरडलो नाही. ओरडलो असतो तर थांबावं लागलं असतं.

टोली वाचली. एकालाही खरचटलं नाही. काका दुसऱ्या दिवशी नाल्याच्या वळणावर सापडले. हातात एका बैलाचं दावं होतं.

सरपंचानं आदल्या संध्याकाळीच ठरवून टाकलं की पाळ आपोआप फुटली, हाका मारल्या होत्या, ओ आली नाही. ओ का आली नाही, असं कुणीतरी विचारणारच होतं. त्यावर कुणीतरी म्हणालं, पिऊन पडले असतील. ते चिकटलं. काका सुपारीपलीकडे काही खात-पीत नव्हते, हे गावाला माहीत होतं. मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. पंचनाम्यावर मी सही केली.

पाळ कशी फुटली हे गावात सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणी नाही. लोक मला बोलावून चहा पाजायचे. एकदा शाळेतले मास्तर आवाज खाली करून म्हणाले, "एक जाऊन एवढे वाचले, बरोबरच केलं तुम्ही."

"मास्तर, तो एक बैल सोडत होता," मी म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

काकांची पोरगी लाखांदूरकडे दिलेली. दर पोळ्याला एसटीनं येते. मागच्या पोळ्याला पिशवी घेऊन सरळ माझ्या अंगणात आली.

"दादा, बाबा पेत नवते. तुमाले मालूम हाये. मंग चूप काहून रायता?"

मी सांगितलं. सगळं. ओ आली होती तेही, आणि ओ देताना ते काय म्हणाले तेही.

"किती थांबले तुमी?"

"थांबलो नाही."

"मंग हाका कायले मारल्या?" आता तिचा आवाज चढला. "हाक नसती मारली त पाणी पाहून पळाले असते न बाबा! तुमच्या भरवशावर बैल सोडत बसले!"

मी म्हणालो, "पुन्हा तशी वेळ आली त पुन्हा फोडीन, बाई. पण ते पेले होते असं आता कोणाले म्हणू देणार नाही."

"मले सांगून काय होते? तोरणाखाली सांगा."

पोळ्याला अख्खं गाव बैल घेऊन तोरणाखाली उभं असतं. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, सुरू होत्या, हशा चालला होता. मी मधे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. पाळ मी फोडली, काकांची ओ आली होती, मी थांबलो नाही.

"सणाच्या दिवशी कायले उकरून राहिला?" सरपंच जवळ येऊन म्हणाला. "तुलेच त्रास होईल."

"होऊ दे."

"तुले वाचवाले बोललो होतो आमी!"

"मले वाचवाले काकाले दारुडा केला तुमी. अन् मी करू देल्लं."

टोलीतली एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. "आमी वाचलो हे चुकलं का मंग, बापू?"

"नाही माय. वाचले ते चांगलंच झालं. फक्त कोणाच्या जिवावर वाचले ते नीट सांगत जा."

पोरगी संध्याकाळच्या एसटीनं गेली. तिनं माफ करावं म्हणून मी बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी तहसीलात जाऊन नवं बयान दिलं. पुढं जे व्हायचं ते होईल. पाणकरकी सोड म्हणणारे आहेत. सोडणार नाही म्हणून सांगितलं.

पाणी सोडायच्या आधी मी अजूनही तीन हाका मारतो. ओ येते. मी थांबतो, बापानं सांगितलं होतं तेवढाच वेळ. पण आता लोक ओ देऊन थांबत नाहीत. हातातलं तिथंच टाकतात आणि धावत पाळीवर येतात.

बरोबर करतात.