शेवंताचे तांदूळ

काल हिर्डोशीच्या एसटीतून भोरला माझ्या नावानं नव्या तांदळाची पिशवी आली. तोंड सोडलं आणि त्या वासाबरोबर मी तिथल्या शाळेच्या ओसरीवर जाऊन पोचले.

तेव्हा मी नवीकोरी विज्ञानाची बाई होते. मिश्रणं वेगळी करण्याचा पाठ झाला होता, म्हणून परीक्षेला मी तांदळात बारीक खडे मिसळून ठेवले. पुस्तकातलं उत्तर होतं, हातानं वेचणे. सहावीतल्या शेवंतानं मात्र खिचडीची दोन पातेली मागून आणली, पाणी ओतलं आणि ती तांदूळ रोळायला बसली. पातेलं गोल हिंदकळलं की पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या पातेल्यात जायचे आणि खडे तळाशी राहायचे.

"पुस्तकात असं आहे का?" मी दरडावलं.

"न्हाई बाई. पण आमी घरी असंच करतो."

मी शून्य दिलं. ती रडली नाही. ओले तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून तिनं ते ताटात उन्हाला पसरले, एवढंच. जड खाली बसतं, हलकं वाहून जातं, हे तिच्या हातांना कळत होतं. माझं नुसतं पाठ होतं.

पुढं संसारात मीही रोळूनच भात लावत आले. कालही हे तांदूळ रोळले, पण तळाशी एकसुद्धा खडा निघाला नाही. नवल वाटून मी पिशवी डब्यात रिकामी करून झटकली, तर चिठ्ठी पडली.

"बाई, समदे तांदूळ हातानं वेचलेत. तुमची शेवंता."