बिसेन काकूंची टोपली

बिसेन काकूंच्या मोबाईलमध्ये एका वेळी तीस-चाळीस वस्तू टोपलीत पडून असायच्या आणि घरात त्यांतली एकही नसायची. मुर्री गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या निवृत्त अंगणवाडी सेविकेने ऑनलाइन बाजाराला जितकं झुलवलं, तितकं एखाद्या वरपक्षाने वधूपित्यालाही झुलवलं नसेल.

माझं पोट नेमकं त्याच बाजारावर. घरी बसून मी खरेदीचं एक ॲप आखतो. माणसाने विचार करायच्या आत बटण दाबावं, हे माझं उदात्त जीवनकार्य.

काकूंची रीत अशी, की आवडलं ते टोपलीत टाकायचं. सोमवारी नागऱ्याला महादेवाचं दर्शन झालं, की पायरीवर बसून, मोबाईल न उघडता, टोपलीतलं काय काय आठवतं ते बोटांवर मोजायचं. न आठवलेलं काढून टाकायचं. "ज्याची यादच नाही, ते कायले घ्याचं?" आठवलेल्याला पुढचा सोमवार. लोक टोपलीत टाकतात पण घेत का नाहीत, यावर आमच्या साहेबांनी दोन दिवस कार्यशाळा घेतली होती. निष्कर्ष निघाला, बटण केशरी हवं.

मग साहेबांनी मला बजावलं, की टोपलीत अडकलेली गिऱ्हाइकं महिनाभरात हलली नाहीत तर तुला हलावं लागेल. मी ॲपवर दहा मिनिटांचं उलटं घड्याळ लावलं, खाली 'तीन जण हीच वस्तू पाहत आहेत' अशी थाप ठोकली आणि ते चालतं का बघायला काकूंकडे गेलो; त्यांची टोपली आमच्याच ॲपवर होती. तिच्यात आदल्याच दिवशी टाकलेलं पाय दाबायचं यंत्र होतं. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"तीन जण पाहून राहिले त घेऊ दे ना त्यायले. मी काऊन आडवी येऊ?"

घड्याळ शून्यावर आलं. काकू चहा ठेवायला उठल्या. यंत्र तिथेच होतं, त्याच किमतीत.

चहा पिताना माझ्या तोंडून नोकरीचं निघालं. काकूंनी कप खाली ठेवला, मोबाईल उचलला आणि बटण दाबलं. त्या दिवशी गुरुवार होता.

साहेबांना आकड्यांपेक्षा गोष्ट आवडते. कधीच न घेणाऱ्या बाईने घेतलं, ही माझ्याकडून ऐकलेली गोष्ट त्यांनी बैठकीत रंगवून सांगितली आणि माझी नोकरी वाचली.

दिवाळीनंतर काकू कायमच्या बालाघाटला लेकीकडे निघाल्या. निरोपाला गेलो, तर त्यांनी त्याच यंत्राचं खोकं माझ्या हातात ठेवलं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"तूच ठेव, बाबू. त्या सोमवारी नागऱ्याले बसली, त हे आठवलंच नाही मले. तुहं तोंड आठवलं."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. ते उलटं घड्याळ ॲपवर अजून चालू आहे. साहेब नव्या पोरांना सांगतात, काकू त्यालाच घाबरल्या. मी मान डोलावतो.