समुद्रानं परत केलेला नारळ

हिंगोलीहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. लोक विमानानं गोव्याला जातात. मी माझ्या जुन्या गाडीत पासष्ट वर्षांच्या आत्याला घालून निघाले. तिनं समुद्र टीव्हीतच पाहिलेला. "एकदा दाखव बाई, गुडघे चालून राहिले तवर," ती म्हणाली आणि मी रजा टाकली.

आत्या कनेरगाव नाक्याला, आमच्या माहेरच्या घरात राहते. पंचविशीत नवरा गेला, तशी ती परत आली. पुढे माझी आई गेली आणि मला वाढवलं ते तिनंच. तरी मी माहेरून हिंगोलीला सासरी निघताना ओटी भरायची वेळ आली, की ती शेजारच्या काकूंना हाक मारते आणि स्वतः दाराआड उभी राहते. विधवेनं ओटी भरायची नाही, म्हणून. त्या पहाटेही तसंच झालं. इतक्या वर्षांत मीही कधी "तूच भर" म्हटलं नाही. चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई आहे मी. लाज वाटते, पण खरं आहे.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. हिंगोली, आखाडा बाळापूर, नांदेड आणि तिथून लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत थेट रत्नागिरी. एका दमात जाण्याचा शहाणपणा करू नका, सोलापुरात मुक्काम करा. ढाबे चांगले आहेत म्हणे. आम्हाला काय कळणार? आत्यानं दोन दिवसांच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. "इकतचं काहून खायाचं?" आंबा घाटात वळणांवर मलाच दोनदा गाडी थांबवावी लागली, ती मजेत झाडं मोजत बसली.

आरे-वारे किनाऱ्याजवळच्या एका गावात खोली मिळाली. दोघींना दीड हजार, सकाळचे घावणे धरून. घावणे सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर उतरलो. आत्यानं डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं. मग म्हणाली, "ह्याला पल्याडचा काठ न्हाई व्हय?" आणि लुगडं खोचून सरळ पाण्यात! इथं पाण्याला ओढ फार आहे, घोट्याच्या पुढं जाऊ नका. मी तिला दंडाला धरून मागे आणली. लाट आली की ती ओरडायची, गेली की हसायची. नंतर वाळूत पाय पसरून बसली. "हितं कोनी इचारत न्हाई, कोनाची कोन. बरं वाटून राहिलं."

आपण समुद्राच्या फोटोखाली 'स्वतःच्या शोधात' वगैरे लिहितो. आत्याचं काही हरवलेलंच नव्हतं. ती आहे तशी पूर्ण बाई आहे. तिनं कुठं उभं राहायचं, ते फक्त गावानं ठरवून टाकलं होतं.

मग तिनं पिशवीतून हिरवा खण, नारळ, मूठभर गहू आणि आमच्या शेतातलं हळकुंड काढलं. घरून लपवून आणलेलं. "नदीची वटी भरतेत. मी ह्याची भरते. हितं कोन अडवतंय?" खणात नारळ गुंडाळून तिनं लाटेवर सोडला, हात जोडले.

आमच्या कयाधूत सोडलेलं कधी मागे येत नाही. हा नारळ दुसऱ्याच लाटेनं तिच्या पायाशी आला. तिनं परत सोडला. परत आला. तिसऱ्यांदाही आला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "ह्यालाबी ठावं हाय वाटतं," ती हळूच म्हणाली.

शेजारी कोकम सरबत विकणाऱ्या बाई माझ्या हाती पेला देता देता बघत होत्या. "मावशी, वाईट नका हो वाटून घेऊ. आमचा समुद्र असाच. कोणाचंच ठेवून घेत नाही, सगळ्यांचं परत देतो."

"समद्यांचं?"

"सगळ्यांचं."

आत्या नारळाकडे बघत राहिली. मग वाकली, पदर पसरला आणि ओला खण, नारळ त्यात घेतला. "मंग ह्यानं माझीच वटी भरली म्हनायची," म्हणाली आणि चाळीस वर्षांनी भरलेली ओटी सांभाळत तरातरा चालू लागली. मला तिचं इतकं कौतुक वाटलं, की सरबताचा पेला हातातच राहिला.

परतीचा रस्ता तोच. कनेरगावला चहा झाला, मी हिंगोलीला निघाले, तशा शेजारच्या काकू सवयीनं करंडा घेऊन आल्या.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. आतून तोच खण आणि तोच नारळ घेऊन आली. खणावर मिठाचे पांढरे डाग पडले होते. "वढनी पसर."

मी पसरली. घडीतली वाळू उंबऱ्यावर सांडली. आत्यानं खण घातला, नारळ घातला, ओंजळभर गहू घातले. मग कुंकवासाठी हात पुढे केला. काकू आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"काकू, करंडा तिला द्या," मी म्हणाले.

त्यांनी दिला.