डक्टमधून आलेला भाजक्या शेंगांचा वास

मी इथले अनुभव दोन-तीन वर्षांपासून वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. रस्त्यात गाडीला हात करणारी बाई, बंद घरात वाजणारी भांडी... वाचायचं आणि जेवताना नवऱ्याला रंगवून सांगायचं. आमच्याकडे देवाचं सगळं होतं, सणवार होतात, पण भूतबाधा, साक्षात्कार, दृष्टांत असलं मी कधीच मानलं नाही. आजही मानते का, ते मला सांगता येणार नाही. म्हणून हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष उलटून गेलं तरी डोक्यातून जात नाही. शेवटी हेच म्हणाले, "लिहून टाक एकदाचं. कुणाला तरी उलगडा होईल."

हे म्हणजे माझे मिस्टर, संतोष. माझं माहेर तळेगाव ढमढेरे, आणि लग्नानंतर आम्ही शिक्रापूरला असतो. यांनी पाबळला टेक्निकल कोर्स केलाय, आधी एसी रिपेअरिंग करायचे. आता आम्ही दोघं मिळून एसीचे डक्ट साफ करतो. डक्ट म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर जे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात ना, ज्यातून गार हवा खोलीभर फिरते, ते. लोक खालची जाळी पुसतात आणि स्वच्छ झालं म्हणतात. आत मात्र वर्षानुवर्षांची धूळ, बुरशी, पालीची हाडं... तीच हवा आपण दिवसभर ओढत असतो. शिरूरमधल्या एका बंगल्यात लहान मुलाला सारखा दम लागायचा. आम्ही तिथून पोतंभर काळी, कापसासारखी धूळ काढली तेव्हा त्याची आई जिन्यातच मटकन बसली होती. कंपन्यांची ऑफिसं, मंगल कार्यालयं, सगळीकडे हीच तऱ्हा.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट, जिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला वास येत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तो परत आलाच नाही. फोडणी करपते, दूध उतू जातं, मला पत्ता नसतो. एकदा गॅसचा कॉक उघडा राहिला होता, शेजारच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं. सगळे उपाय झाले, डॉक्टर म्हणाले नस गेली. आमच्या धंद्यात मात्र हे भांडवल ठरलं! डक्टमध्ये मेलेलं कबूतर निघालं की हे बाहेर जाऊन ओकतात, आणि मी हातमोज्याने उचलून पिशवीत टाकते.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्हाला दौंडमधल्या एका डायलिसिस सेंटरचं काम मिळालं. नाव सांगत नाही. पहिल्या मजल्यावर एक मोठा हॉल, आठ बेड, प्रत्येक बेडशेजारी एक मशीन. एसी चालू केला की जाळ्यांतून काळे कण पडायचे, पेशंट खोकायचे, खोली गार व्हायची नाही. रविवारी सेंटर बंद असतं, म्हणून रविवार ठरला. न्हावऱ्याच्या रस्त्याने सकाळी लवकर पोचलो. यांनी मेन बोर्डावरून एसीची लाइन बंद केली आणि आम्ही लागलो कामाला. एका टोकाला मोठा व्हॅक्यूम, दुसऱ्या टोकाकडून फिरता ब्रश, आणि शिडी सरकवत एकेक जाळी काढून मी आत मान घालायची.

काय निघालं म्हणून विचारू नका. दोन कबुतरं, आणि भिंतीला शेवाळासारखी चिकटलेली बुरशी. इन्चार्ज वैशाली सिस्टर तोंडाला रुमाल लावून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, चार वर्षं मी ह्याच्याखाली उभी राहतेय हो!"

दुपारी दोनच्या सुमारास सिस्टरांना डॉक्टरांचा फोन आला. दोन पेशंट दम लागून आले होते. आदल्या दिवशी लग्नाला गेले आणि डायलिसिस चुकवलं. त्यांना घ्यावंच लागणार होतं. आमचं काम तोवर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आलं होतं, म्हणून सिस्टरांनी दाराजवळचे दोन बेड पुसून घेतले. एक पेशंट म्हणजे कुणी शिक्षिका होत्या, लगेच झोपल्या. दुसरे सत्तरीचे आप्पा, दौंडजवळच्या खेड्यातले. हाताला जाड सुया, नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जातंय-येतंय, आणि आप्पांची टकळी चालूच.

"पोरी, तुला भ्याव न्हाई वाटत व्हय वर चढायला?"

"नाही आप्पा, सवय झाली."

"आमच्या सुनंला माळ्यावरचा डबा काढ म्हणलं तर चक्कर येती!"

चारच्या सुमारास सगळं उरकलं होतं. मी जाळ्या परत बसवत होते. खाली उकाडा इतका की आप्पांचा सदरा भिजला होता. सिस्टर दोनदा यांना म्हणाल्या, "दादा, आता तरी एसी चालू करा, पेशंटला घाम फुटलाय." हे म्हणाले, "दोन जाळ्या राहिल्यात, पाच मिनिटं."

मी सहाव्या बेडवरच्या जाळीपाशी होते. आणि मला वास आला.

ओल्या भुईमुगाच्या शेंगा विस्तवात टाकल्यावर येतो तो. टरफल करपतं, आतला दाणा अजून दुधाळ असतो... तो वास. चार वर्षं ज्या नाकात काही शिरलं नव्हतं, त्यात तो असा शिरला की मी शिडी गच्च धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. ओरडलेच, "अहो! मला वास येतोय!"

हे धावत आले. "कसला?"

"शेंगांचा. भाजलेल्या. तुम्हाला येतोय ना?"

यांनी दोन-तीनदा नाक वर करून ओढलं. यांचं नाक फार तिखट आहे, शेजारी काय शिजतंय ते सांगतात. म्हणाले, "नाही गं. फिनेल आणि धूळ. बाकी काही नाही."

मी खाली वाकून विचारलं, "सिस्टर, कुणी शेंगा खातंय का?"

सिस्टर हसल्याच. "ताई, इथं शेंगा? किडनीच्या पेशंटला शेंगा बंद असतात."

"आठवण नका काढू," आप्पा म्हणाले. "दोन वरीस झालं, दाणा न्हाई टाकला तोंडात."

आता माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. आमची मुलगी आरोही तीन वर्षांची आहे. ती झाली तेव्हा माझं नाक गेलेलं होतं. बाळाच्या टाळूला वास असतो म्हणतात, सगळ्या बायका सांगतात. मला तो माहीत नाही. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली उतरावं, गाडी काढावी, घर गाठावं. हे नाक पुन्हा बंद व्हायच्या आत एकदा तिला जवळ घ्यावं. दीड तासाचा रस्ता. पाय खालच्या पायरीवर टेकवलाही होता मी.

पण तो वास सरकत होता. हे कसं सांगू... जाळीपासून मान दाराकडे वळवली की कमी व्हायचा, भिंतीकडे वळवली की वाढायचा. मी उतरले, आणि गाडीकडे जायच्या ऐवजी शिडी उचलून सातव्या बेडकडे नेली. तिथं जास्त. आठव्याकडे नेली, अजून जास्त. आठव्या बेडच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे स्टोअररूम. तिला बंद दार, वर कुठलीही जाळी नाही. आमच्या कामाच्या यादीत ती खोली नव्हतीच.

"सिस्टर, ह्या खोलीची किल्ली द्या."

हे वैतागले. "मनीषा, काम संपलंय. पेशंट उकडून निघालेत, आणि तुझं काय चाललंय?"

"दोन मिनिटं, प्लीज."

सिस्टरांनी काय समजून किल्ली दिली, देव जाणे. आत नळ्यांचे, औषधांचे पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचलेले. मी शिडी लावली, फॉल्स सीलिंगचा एक चौकोन वर ढकलला, आणि डोकं आत घातलं. समोर डक्टचा एक जुना फाटा होता. पूर्वी ही खोली हॉलचाच भाग असणार. मध्ये भिंत घातल्यावर कुणीतरी त्या फाट्याचं खालचं तोंड नुसतं प्लायवूड ठोकून बुजवलं होतं. प्लायवूड एका कोपऱ्यातून सुटलेलं. वास तिथून येत होता, इतका की तोंडाला पाणी सुटलं. मी प्लायवूड ओढलं आणि टॉर्च मारला.

आत एक काळी केबल होती. तिचा मधला सांधा टेपने गुंडाळलेला, टेप वितळून थिजलेला. भोवतीचा पत्रा काळाठिक्कर. आणि त्या सांध्यावर टोपलीभर सुकी धूळ येऊन बसली होती. ताजी. सकाळपासून आमच्याच ब्रशने ढकललेली.

टॉर्चचा उजेड त्या सांध्यावर पडला आणि वास गेला. हळूहळू कमी झाला नाही, थांबला.

त्याच वेळी बाहेरून सिस्टरांचा आवाज आला, "हां दादा, करा चालू, जाळ्या मागून लावा."

"अहो, नका!" मी अशी किंचाळले की शिक्षिका बाई दचकून जाग्या झाल्या. "स्विचला हात लावू नका!"

हे बोर्डापाशी होते. बोट स्विचवर होतं, असं यांनी मला नंतर सांगितलं.

सेंटरच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला, रफिकभाईंना, बोलावून घेतलं. ते वर चढले, टॉर्च मारून सांधा नीट तपासला. उतरल्यावर म्हणाले, "ही एसीच्या ब्लोअरची लाइन आहे. शॉर्टकट मारून कुणीतरी डक्टमधून ओढलीय. सांधा आधी एक-दोनदा पेटून विझलाय. आज चालू केलं असतं तर सांध्यावर एवढी धूळ, वरून ब्लोअरचा वारा, बाजूला पुठ्ठे..."

पुढचं मलाच दिसत होतं. सुया टोचलेल्या माणसाला उठून पळता येत नाही. अंगाबाहेरचं रक्त आधी परत आत घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. तोवर धूर त्याच डक्टने, आम्ही चकाचक केलेल्या डक्टने, सरळ त्यांच्या तोंडावर आला असता. आणि आयुष्यभर आम्ही म्हणत राहिलो असतो की आम्ही साफ करायला गेलो होतो.

मी रफिकभाईंना विचारलं, "ह्या केबलचा वास येत होता का?"

"बंद केबल वास कसा देईल, भाभी? सकाळपासून लाइन तोडलेली आहे. हात लावून बघा, थंडगार आहे. आणि जळाल्याचा वास असता तरी तो प्लास्टिकचा असता. शेंगांचा कुठून येणार?"

त्या दिवशी एसी लावलाच नाही. कुठून तरी दोन टेबलफॅन आणले, दोन्ही पेशंटचं डायलिसिस नीट पार पडलं. केबल काढून नवी लाइन बाहेरून टाकली, फाटा पत्र्याने कायमचा बंद केला, धूळ आम्ही पुन्हा उपसली. आम्ही निघताना सिस्टरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

घरी पोचल्यावर मी चपला काढायच्या आत आरोहीला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं. काही नाही. नेहमीसारखंच, काही नाही. रडले मी त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. पण खंत होती म्हणावं तर तसंही नव्हतं. मनाशी म्हटलं, चार वर्षांत एकदाच नाक मिळालं, आणि ते जिथं लागलं तिथं वापरलं गेलं. दोन माणसं आपापल्या घरी गेली. आम्ही दोघं मान वर करून आमच्या घरी आलो. मागायचं तरी किती?

पुढच्या आठवड्यात शिरूरच्या नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वेगवेगळ्या बाटल्या हुंगायला दिल्या — लवंग, कॉफी, रॉकेल. एकही ओळखता आली नाही. म्हणाले, नस गेलेल्या माणसाला कधीकधी नसलेला वास येतो, मेंदू स्वतःच तयार करतो. मी म्हटलं, मान्य. पण डॉक्टर, माझ्या मेंदूला ती स्टोअररूम कशी ठाऊक? जी खोली मी पाहिली नव्हती, जी यादीत नव्हती, तिच्यातला तो एक हातभर तुकडा? डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी उगाच काही ठोकून दिलं नाही. म्हणाले, "हे मला सांगता येणार नाही."

योगायोग म्हणा. कुठंतरी नजरेला प्लायवूड दिसलं असेल आणि मनाने ताडलं असेल, असंही म्हणून बघितलं मी. जमत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं काही झालं असेल तर जरूर लिहा.

महिन्याभराने आम्ही तपासणीला दौंडला गेलो. हॉल गार होता. आठही बेड भरलेले, आणि खोकला म्हणाल तर एखाददुसरा. सिस्टर म्हणाल्या, "आता पेशंट चार तास निवांत झोपतात." आप्पा खिडकीजवळ होते, त्या दिवशी मी का किंचाळले, ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांच्या बेडवरची जाळी तपासायला खाली उभी राहिले, स्वच्छ हवा तोंडावर येत होती. आभार कुणाचे मानायचे ते कळेना. म्हणून वर बघून हलकेच म्हटलं, "फार उपकार झाले."

आप्पांनी एक डोळा उघडला. "कुणाशी बोलतीस गं पोरी?"

"कुणाशी नाही, आप्पा. झोपा तुम्ही."

खरंच, कुणाशी बोलत होते मी, ते मला अजूनही माहीत नाही.