इंजिनाचं पाणी

आमची पिकअप मलकापुरात घेतली तेव्हाच जुनी होती. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीला ती दाखवून घेतली, त्याने बॉनेट उघडून दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बजावलं होतं, "ऑइल वेळेवर बदला, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढत जा. पन येक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या गावचं खारं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. क्षार जमते अन् इंजिन अंदरून खलास होते."

दादाने ते मनावर घेतलं. सीटमागे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा कॅन कायम भरलेला. कपाशीची खेप टाकून आला की गाडी लगेच बंद करायचा नाही, थोडा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायचा. आमच्या वरवट बकालच्या चौकात लोक त्याची थट्टा करायचे, "गाडी हाये का जावई?" दादा हसायचा. रोज सकाळी कूलंट तपासायला तो बॉनेटखाली वाकायचा तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या असायचा. आमच्या बोअरच्या, जीभ खारट करणाऱ्या पाण्याचा. तो घटाघटा पिऊन दादा खेपेला निघायचा. कूलंटला सगळं गाव हसलं, तांब्याला कोणी हसलं नाही. त्या पाण्यावरच आम्ही सगळे वाढलो होतो.

मग दादाच्या किडन्या गेल्या. डॉक्टर नेमकं कारण सांगत नाहीत, बऱ्याच गोष्टी असू शकतात म्हणतात. असतील. पण त्याच्यासारखे आमच्या गल्लीतच आणखी आहेत, आणि ते सगळे काही गाडी चालवत नव्हते, पाणी मात्र सगळे तेच पीत होते. दादा आजारी पडल्यावर घरात फिल्टरच्या पाण्याचे कॅन यायला लागले. आता शुद्ध पाणी आलं, तर किडन्या ते बाहेर टाकत नाहीत म्हणून त्याला ते पोटभर प्यायची मनाई.

आता गाडी मी चालवतो, मलकापूरला, त्याच्या डायलिसिससाठी. नंबर हुकला की त्याचे पाय सुजतात, रात्री आडवं पडता येत नाही, श्वास कोंडतो. एसटीच्या भरवशावर वेळ गाठता येत नाही. म्हणून त्या जुन्या इंजिनाला मी जिवापाड जपतो. गाडीचा लाड वगैरे काही नाही. ती बंद पडली तर माझा भाऊ मरेल, इतकं साधं आहे ते.

यंदाच्या उन्हाळ्यात भर दुपारी वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला. गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या पाइपाची क्लिप ढिली होऊन लिटरभर कूलंट गळून गेलं होतं. मागचा कॅन काढला तर तो जॅकवर घासून फुटलेला, कोरडा ठणठणीत. मला स्वतःचं डोकं बॉनेटवर आपटून घ्यावंसं वाटलं. इंजिन थंड होईस्तोवर थांबलो, क्लिप आवळली. पण आत टाकायला काही नव्हतं आणि दादाच्या नंबरची वेळ जवळ येत होती.

शेजारच्या शेतातला शेतकरी धावत कळशी घेऊन आला. भला माणूस. मी कळशीला हात लावला तसा तो म्हणाला, "थांबा भाऊ, हे इंजिनात नका टाकू. बोअरचं हाये, रेडिएटर सडते. तुमच्यासाठी आनलं. प्या, गार हाये."

मी कळशीवरचा हात काढून घेतला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तो स्वतः तेच पीत होता, त्याची लेकरं तेच पीत असणार. पण राग आला. आमच्या भागात इंजिनाला काय पाजू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

केबिनमध्ये बसलेला दादा ते ऐकून हसला. खरंच हसला, खोकला येईपर्यंत. मग मांडीवरची बाटली त्याने खिडकीतून बाहेर धरली. फिल्टरचं पाणी, त्याची दिवसभराची वाटणी. सकाळपासून त्याने तिच्यातून फक्त ओठ ओले केले होते.

"टाक इच्यातलं."

"दादा, येवढ्या उन्हात तू काय पेशील?"

"टाक बे. ते पाजल्यानं ही वाचंल. माह्यं आता काय वाचायचं राह्यलं?"

मी टाकलं. सगळी बाटली त्या रेडिएटरने पिऊन टाकली. गाडी सुरू केली, काटा खाली राहिला. उरलेल्या वाटेत दादा बाहेर बघत होता आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता. मी हळू चालवत आणली. आम्ही वेळेत पोहोचलो.

दवाखान्यात सिस्टरने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. अंगात साचलेल्या पाण्याचं वजन आज कमी भरलेलं बघून ती खूश झाली. "काका, आज पाणी छान सांभाळलं तुम्ही. रोज असंच करत जा."

दादा काट्यावरून उतरला. "हाव," म्हणाला, "आज गाडी गरम झाली होती."